घराची किंमत आणि घराचा खर्च

"घर केवढ्याला पडले?" हा प्रश्न आम्हाला आजवर कितीतरी जणांनी विचारला. "तीस लाखांना," असे आम्ही सांगतो. उत्तर खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. करारनाम्यावर ३० लाखच लिहिले आहेत. मात्र त्या घरात सामान लावून पहिला चहा उकळेपर्यंत काय काय खर्च येणार, याचा हिशेब मांडला तेव्हा आकडा ३४ लाख ७० हजारांवर गेला होता. मधले ४ लाख ७० हजार आम्ही गृहीतच धरले नव्हते. कोणी सांगितलेही नव्हते. या मधल्या पैशांनी आम्हाला दीड महिना झोप लागू दिली नाही. आज आपल्या अनेक कुटुंबांत घर घेण्याची बोलणी चालू आहेत, म्हणून आमचा हा अनुभव हिशेबासकट वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

आम्ही दोघेही नोकरी करतो. एक कारखान्यात, एक खाजगी दवाखान्यात. दोघांचा पगार मिळून त्या वेळी महिना ५२ हजार रुपये हातात येत होता. घरात दोन मुले आणि मुलांची आजी. विक्रोळीला चाळीत भाड्याच्या एका खोलीत आमचा संसार होता. दर अकरा महिन्यांनी करार संपला की नवी खोली शोधायची. खोली दाखवणारा आधी आडनाव विचारायचा, मग गाव विचारायचा आणि शेवटी "मालक नाही म्हणतात" असे सांगायचा. मोठी मुलगी दहावीला जाण्यापूर्वी स्वतःच्या घरात जायचेच, असे आम्ही ठरवले. २०२३ सालच्या पावसाळ्यात कल्याण पूर्वेला एका जुन्या सोसायटीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे तयार घर मिळाले. किंमत ३० लाख.

आमच्याजवळ बारा वर्षांची बचत ५ लाख १० हजार होती. बँक ९० टक्के कर्ज देते, असे ऐकले होते. म्हणजे २७ लाख बँकेचे, ३ लाख आपले, आणि दोन लाख उरतील ते फर्निचरला. आमचा हिशेब असा चार ओळींत संपला होता. त्या भरात आम्ही एक लाख रुपये इसार देऊन बसलो. दलालाने पुढे केलेल्या कागदावर ४५ दिवसांत व्यवहार पुरा न केल्यास इसार जप्त होईल, असे लिहिले होते. आम्ही सही केली. कर्ज मंजूर झाले नाही तर इसार परत मिळेल, एवढे एक वाक्य त्यात घालून घ्यायचे भान राहिले नाही.

बँक कशाचे पैसे देत नाही?

पहिला धक्का बँकेत बसला. बँक आपल्या करारातली किंमत जशीच्या तशी धरत नाही. तिचा मूल्यांकन करणारा माणूस घर पाहून जातो. करारातली रक्कम आणि त्याने लावलेली किंमत यांपैकी जी कमी असेल तिच्यावर कर्ज ठरते. आमच्या घराची किंमत २९ लाख लावली गेली आणि कर्ज मंजूर झाले २६ लाख. म्हणजे आमचा वाटा ३ लाखांचा ४ लाख झाला.

दुसरा धक्का त्याहून मोठा होता. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जात मिळेल, अशी आमची समजूत होती. बँकेच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितले की, तसे मिळत नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१२ सालापासूनचा नियम आहे की, कर्जाचे प्रमाण ठरवताना मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि कागदपत्रांचा खर्च घराच्या किमतीत धरायचा नाही. घराची किंमत १० लाखांपर्यंत असेल तर २०१५ पासून ही सूट आहे, पण मुंबई-ठाण्याकडे १० लाखांत घर कुठे मिळते? प्रमाणही ठरलेले आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. ही वरची मर्यादा झाली. आपला पगार पाहून बँक त्याहून कमीही देऊ शकते.

त्या रात्री मुलीच्या वहीचे एक पान फाडून आम्ही पहिल्यांदा खरा हिशेब मांडला. तो असा होता :

घराच्या किमतीतला आमचा वाटा – ४,००,००० रुपये
मुद्रांक शुल्क, ७ टक्के – २,१०,०००
नोंदणी फी – ३०,०००
बँकेचे प्रक्रिया शुल्क, तपासणी, मूल्यांकन, गहाणाची नोंद – ३०,०००
दलाली – ४५,०००
सोसायटीचे हस्तांतरण शुल्क – २५,०००
आमचा वकील आणि कागदपत्रे – १३,०००
रंग, नळ, वायरिंग, खिडक्यांच्या जाळ्या – ८५,०००
सामानाचा टेम्पो – ७,०००
गृहप्रवेश, वंदना आणि जेवण – २५,०००

एकूण ८ लाख ७० हजार. जवळ होते ५ लाख १० हजार. कमी पडत होते ३ लाख ६० हजार. आणि इसाराच्या मुदतीचे दिवस पळत होते.

वाटा दाखवणारे पुष्कळ भेटले

पैसे कमी पडतात हे कळले की सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. पहिला सल्ला दलालाचा. "करारात किंमत ३४ लाख दाखवा, बँक जास्त कर्ज देईल, वरचे पैसे मालक तुम्हाला परत करील." ऐकायला सोपे वाटते. पण त्या फुगवलेल्या चार लाखांवर ७ टक्क्यांनी २८ हजार मुद्रांक शुल्क जास्त भरावे लागले असते. मालकाने पैसे परत केलेच नाहीत तर दाद कुठे मागणार? शिवाय बँकेला खोटी किंमत दाखवून कर्ज घेणे ही सरळ फसवणूक आहे. उद्या प्रकरण उघडले तर कोर्टाची पायरी दलाल चढत नाही, सही करणारा चढतो.

दुसरा सल्ला कर्ज मिळवून देणाऱ्या एका एजंटाचा. "गृहकर्ज मंजूर होऊ द्या. मग दुसरीकडून पर्सनल लोन घ्या. पहिल्या बँकेला सांगायची गरज नाही." आम्ही जवळजवळ तयार झालो होतो. पण प्रत्येक कर्जाची नोंद पतमापन संस्थेकडे जाते. रक्कम हातात देण्यापूर्वी बँक ती नोंद पुन्हा पाहू शकते. नवे कर्ज दिसले तर मंजूर झालेली रक्कम कमी होऊ शकते, किंवा मंजुरीच थांबू शकते. तोपर्यंत आपण मुद्रांक शुल्क भरून बसलेलो असतो. बँकेच्या अर्जावर "माझ्यावर अन्य कर्ज नाही" अशी सही केलेली असेल तर ती खोटी ठरते, ते वेगळेच.

तिसरा सल्ला होता सावकाराचा. शेकडा तीन, कागद नको, आज मागा उद्या घ्या. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभरावर तीन रुपये, वर्षाला ३६. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने घराच्या नोंदणीसाठी असेच दोन लाख उचलले होते. महिना ६ हजार नुसते व्याज. तीन वर्षांत २ लाख १६ हजार भरून झाले आणि मूळ दोन लाख जागच्या जागी उभे. शेवटी त्या बाईंनी अंगावरचे दागिने मोडले. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे करता येते. पण तक्रारीची वेळ येण्यापूर्वीच त्या दारात न जाणे हेच शहाणपणाचे.

हप्ता लहान, व्याज मोठे

आम्ही मग बँकेतल्या एका निवृत्त काकांकडे गेलो. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन आम्हाला दोन हिशेब करून दाखवले. ते प्रत्येक घर घेणाऱ्याने समजून घ्यावेत.

२६ लाखांचे गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत. हप्ता साधारण २२ हजार ५६० रुपये. आमच्या ५२ हजारांपैकी ४३ टक्के तिथेच गेले. आता कमी पडणारे ३ लाख ६० हजार पर्सनल लोन म्हणून १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर त्याचा हप्ता ८ हजार ३७७ रुपये. दोन्ही मिळून जवळजवळ ३१ हजार. उरले २१ हजार. त्यात पाच माणसांचे जेवण, सोसायटीचा मासिक खर्च, रेल्वेचे पास, मुलीची शिकवणी, आजीची औषधे. काका म्हणाले, "एकाची नोकरी दोन महिने थांबली तर काय कराल?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग आम्ही विचारले, हीच रक्कम पुढे गृहकर्जातच वाढवून मिळाली तर? साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत फेडायची झाली तर हप्ता फक्त ३ हजार १२४ रुपये. आम्ही खूश झालो. काकांनी दुसरी ओळ लिहिली. वीस वर्षांत भरायचे एकूण साडेसात लाख, म्हणजे व्याजच ३ लाख ९० हजार. आणि त्या महागड्या पर्सनल लोनचे पाच वर्षांचे व्याज १ लाख ४२ हजार. व्याजाचा दर कमी असूनही लांबलेले कर्ज अडीचपट व्याज खाते! हप्ता पाहून कर्ज स्वस्त की महाग हे ठरवू नये. दर, मुदत आणि शेवटी भरायची एकूण रक्कम, ही तिन्ही एकत्र पाहावीत.

आम्ही काय केले

त्या रात्री आम्ही ठरवले की, आधी खर्च कापायचा आणि मग कर्जाचा विचार करायचा. ८५ हजारांच्या दुरुस्तीतून नळ, वायरिंग आणि एक जाळी एवढेच ठेवले. ते ३० हजारांत झाले. रंग पुढच्या वर्षी. गृहप्रवेशाचे जेवण रद्द केले. घरातल्या घरात वंदना, खीर आणि शेजाऱ्यांना चहा, पाच हजारांत कार्यक्रम झाला. काही नातेवाईक रुसले. "आयुष्यात एकदा घर घेता आणि जेवायला घालत नाही?" असेही ऐकावे लागले. ते बोलणे लागले, पण त्याला व्याज नव्हते.

अशा रीतीने ७५ हजार वाचले. उरले २ लाख ८५ हजार. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढता येते. कारखान्यातल्या खात्यातून दीड लाख काढले. हे कर्ज नसल्यामुळे हप्ता नाही, पण म्हातारपणाची ठेव तेवढी कमी झाली, हे विसरून चालणार नाही. मुलांच्या आत्याने ४५ हजार बिनव्याजी दिले. तिला आम्ही स्वतः चिठ्ठी लिहून दिली, किती घेतले आणि कधी परत देणार ते. "ताई, आपल्यात कशाला कागद?" असे म्हणायची वेळ आली की नेमका तेव्हाच कागद करावा. नात्यातला पैसा बुडतो तेव्हा पैशाबरोबर नातेही बुडते. राहिलेले ९० हजार कामगारांच्या पतपेढीतून ११ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले. हप्ता २ हजार ९४६. याची माहिती बँकेला आम्ही आधीच दिली आणि बँकेने ती मान्य केली.

दोन्ही हप्ते मिळून २५ हजार ५०० झाले. पगाराच्या जवळजवळ निम्मे. सोपे नव्हते. पहिले वर्षभर आमच्या घरात नवा कपडा शिवला गेला नाही. पण कोणत्याही महिन्याचा हप्ता चुकला नाही, आणि कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही.

आमच्या चुका, आपल्या उपयोगासाठी

एक चूक आजही सलते. घर आम्ही दोघांच्या नावावर घेतले. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सोबत नवऱ्याचे नाव आले की ती मिळत नाही. आमचे ३० हजार रुपये वाचले असते. पूर्वी अशा घराची विक्री पंधरा वर्षे पुरुषाला करता येत नसे, ती अटही २०२३ साली काढून टाकली गेली. सवलतीची गोष्ट बाजूला ठेवली तरी घर बाईच्या नावावर असणे हा तिचा आधार आहे. भावांनी याचा विचार करावा.

मुद्रांक शुल्क गावानुसार बदलते. मुंबईत ६ टक्के, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पुणे येथे ७ टक्के. ते करारातली किंमत आणि सरकारी रेडीरेकनरची किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागते. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये. घर पाहायला जाण्यापूर्वीच हे आकडे काढून ठेवावेत.

जुन्या सोसायटीतले घर असेल तर महानगरपालिका हद्दीत हस्तांतरण शुल्क २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्याकडे त्यावर "स्वेच्छेने देणगी" मागितली गेली. स्वेच्छेने असेल तर आमची इच्छा नाही, असे आम्ही नम्रपणे सांगितले. थोडी कुरकुर झाली, पण काम झाले.

बँकेतून एका विम्याचा ४८ हजारांचा एकरकमी हप्ता कर्जात मिळवण्याचा आग्रह झाला. "तो घेतल्याशिवाय कर्ज होत नाही," असेही सुचवले गेले. कर्ज असताना कमावत्या माणसाचा विमा हवाच, यात शंका नाही. पण तो अमुकच कंपनीचा घ्या, अशी सक्ती करता येत नाही. कर्जात मिळवलेल्या हप्त्यावर वीस वर्षे व्याज चढते. आम्ही विमा वेगळा घेतला, तो पुष्कळ स्वस्त पडला.

नवी इमारत बांधून होत असेल तर आणखी दोन गोष्टी. बांधकाम चालू असलेल्या घरावर जी.एस.टी. लागतो. ४५ लाखांपर्यंतच्या आणि ठरलेल्या क्षेत्रफळाच्या परवडणाऱ्या घराला १ टक्का, इतर घरांना ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या घरावर तो नाही. दुसरे, रेरा कायद्याप्रमाणे करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. मागितली तर नाही म्हणावे आणि महारेराच्या नोंदणीचा क्रमांक विचारावा.

आमच्या वेळी नव्हत्या अशा काही सोयी आता आल्या आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक बँकेने कर्ज घेणाऱ्याला मुख्य गोष्टींचे एक पत्रक देणे बंधनकारक झाले आहे. त्यात सर्व शुल्कांसह वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी ते मागून घ्यावे, घरी आणून वाचावे. प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भागाचा दुसरा टप्पा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला. वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचे घर आणि २५ लाखांपर्यंतचे कर्ज असलेल्यांना, देशात दुसरे पक्के घर नसल्यास, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजाचे अनुदान मिळू शकते. पण ही रक्कम टप्प्याटप्प्याने कर्जखात्यात जमा होते, हातात येत नाही. तिच्या भरवशावर मुद्रांक शुल्क भरता येणार नाही.

व्याजाचा दर बदलता असेल तर हप्त्यात थोडी जागा ठेवावी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि कितीतरी घरांची कर्जे नकळत लांबली. याच बदलत्या दराच्या गृहकर्जाची एक चांगली बाजूही आहे. मुदतीपूर्वी पैसे भरले तर व्यक्तीला दंड लागत नाही. दिवाळीचा बोनस आम्ही आता तिथेच भरतो.

शेवटी एवढेच सांगायचे आहे की, इसार देण्यापूर्वी एक संध्याकाळ काढावी. घरातल्या सगळ्यांनी, आजीने आणि मोठ्या मुलांनीसुद्धा, एकत्र बसावे. किमतीचा आकडा एका बाजूला लिहावा आणि बाकीच्या खर्चाचे आकडे दुसऱ्या बाजूला. तयार घराला किमतीच्या निदान १२ ते १५ टक्के रक्कम स्वतःच्या वाट्याव्यतिरिक्त लागेल, असे धरून चालावे. ती जवळ नसेल तर थोडे लहान घर बघावे, किंवा वर्षभर थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.

पुढच्या दिवाळीत आम्ही घराला रंग दिला. रंगाऱ्याकडून फक्त छत करून घेतले, भिंती आम्ही आणि मुलांनी रंगवल्या. आत्याचे ४५ हजार त्याआधीच परत झाले होते. तिने ती चिठ्ठी फाडून टाकली आणि जेवायला थांबली. गृहप्रवेशाचे राहिलेले जेवण आम्ही त्या दिवशी घातले.